अडतिसावा खिळा

सोमवार, ३ नोव्हेंबर

धाकटे, आधी तुझी कंबर कशी आहे ते सांग. शेकतेस का, की माझी पाठ वळताच पुन्हा भरल्या बादल्या उचलायला लागलीस? मेहुण्यांचा खोकला उतरला का? भाचीची रांजणवाडी फुटली का, आणि डोळा चोळायचं थांबली का ती? मांजरीचा पाय टेकतोय का? आणि तुमचं वाचनालय सांभाळणाऱ्या शेजारच्या मास्तरीणबाई, त्यांना आता ऐकू येतं की अजून सगळ्याला हो-हो म्हणूनच वेळ मारून नेतात? एकेकाचं वेगळं कळव. सगळे मजेत आहेत असं एका ओळीत गुंडाळू नकोस.

मी झकास पोचलो. हेच सगळं विचारलेलं एक कार्ड आत्ताच पेटीत टाकून आलो. बाकी सगळं या वहीत लिहीन आणि वही भरली की तुला पाठवीन. वही कोटाच्या आतल्या खिशात असते, म्हणजे विसरायला नको.

खोली वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आहे. एक खाट, एक खिडकी, आणि लंगडं टेबल, त्याच्या आखूड पायाखाली कुणीतरी पितळी मोजपट्टी सारलीय. खिडकीतून अख्खा बाजारचौक दिसतो. वाचनालयाच्या बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात. गावाला शंभर वर्षं होतायत म्हणून म्हाताऱ्यांच्या आठवणींचं पुस्तक करायचं त्यांच्या मनात आलं, आणि माझं आपल्या गावावरचं चोपडं वाचून त्यांनी मलाच बोलावलं. चाळीस वर्षं प्रेसमध्ये लोकांची पुस्तकं शिवली, शिवता शिवता वाचली, एवढंच माझं शिक्षण. मी तसं सांगितलं तर म्हणाल्या, अहो काका, शिकलेले खूप येऊन गेले, ऐकणारा कुणी आला नाही. आणि या वयात एवढे जिने चढून आलात, आता तुम्हाला काही खाली उतरू देत नाही! दोघंही खूप हसलो.

पिशवीतून माझा बांधणीचा हातोडा, दाभण आणि गोंदाचा डबा काढून खिडकीत मांडला. आता घरी आल्यासारखं वाटतंय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

चार दिवसांत बावीस घरं झाली. माणसं फार गोड. चहा नको म्हटलं तर रुसतात. एका आजोबांनी त्यांच्या लग्नातली मारामारी इतकी रंगवून सांगितली, की शेवटी आजीबाई आतून ओरडल्या, अहो, ते लग्न तुमच्या भावाचं होतं!

एक मोठी नवलाची गोष्ट सापडलीय. इथे प्रत्येक जुन्या घरात पुढच्या खोलीत एक अवजार टांगलेलं असतं. लोहाराकडे घण, सुताराकडे पटाशी, चांभाराकडे रापी, न्हाव्याकडे वस्तरा, गवंड्याकडे थापी. चौकीच्या जमादाराकडे त्याच्या वडिलांची काठी. सगळी तेल लावून पुसलेली, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा. मी विचारलं, की उत्तर एकच: आमच्या वडिलांच्या वेळचं आहे. कसले आकडे म्हटलं, की चहा येतो.

राहिलेल्या जुन्या घरांतही नुसतं डोकावून मी यादी केली. एक ते सदतीस. एकही सुटलेला नाही, एकही दोनदा नाही. कष्टकऱ्यांनी आपल्या हत्यारांचा असा मान ठेवलेला मी कुठे पाहिला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मला एक कल्पना सुचली, आणि बाईंना ती इतकी आवडली की त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. ही सगळी अवजारं वाचनालयाच्या भिंतीवर एकत्र मांडायची! आकड्यांच्या क्रमाने, खाली प्रत्येक घराची चिठ्ठी. लोक नाही म्हणतील असं वाटलं होतं. उलट दुपारपर्यंत रांग लागली. जो तो आपलं हत्यार दोन्ही हातांवर आडवं धरून आणत होता, झोपलेलं मूल आणावं तसं.

सुताराने खिळे ठोकून दिले. मोजले तर अडतीस. मी म्हटलं, बाबा रे, सदतीस सांगितले होते, शाळेत कधी गेला होतास का? तो नुसता हसला आणि म्हणाला, असू दे काका, लागेल.

सकाळी पुस्तकांची गाडी येऊन गेली. दर शनिवारी येते. इथली परतीची पुस्तकं पेटीत घालून खिळे मारून ठेवतात, त्यात तुझ्या गावच्या वाचनालयाचीही असतात. तुमच्याकडचं ते जुनं प्रवासवर्णन माझं वाचून व्हायचंय. पुढच्या शनिवारी पाठवतो. त्याची बांधणी कुण्या गाढवाने केलीय कोण जाणे.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज दुपारी वाचनालयात मी एकटाच होतो. परटीणबाई आल्या. सदतीस नंबरची धुण्याची मोगरी त्यांची. साठीच्या, बोटं पाण्याने कायमची सुरकुतलेली. भिंतीकडे पाठ करून बसल्या आणि म्हणाल्या, दादा, तुम्ही हे काय टांगून ठेवलंत, तुम्हाला ठाऊक आहे का?

धाकटे, जसं सांगितलं तसंच लिहितो.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी बाहेरून एक मोजणीदार आला. मी आत्ता राहतोय त्याच खोलीत राहायचा, हातात सदा पितळी मोजपट्टी. नवा रस्ता बाजारातून जाणार, अर्धी घरं पडणार, असं त्याच्या मोजणीत निघालं. गावाने त्याला चौकात आणलं. चांगली उन्हाची वेळ. ठरलं असं, की प्रत्येक घराने आपल्या हाताने एक घाव घालायचा. एकच. म्हणजे उद्या कुणी कुणाकडे बोट दाखवायला नको. आकडे हे घावांचे. घणाने आधी गुडघे फोडले, पळू नये म्हणून. पटाशी खांद्यात. अकरावा वस्तरा, गळ्यावरून.

त्या म्हणाल्या, अकराव्यालाच गेला होता हो. आम्ही उरलेल्या सव्वीसांनी मेलेल्या माणसाला मारलं. पण मारलं. मी शेवटची. लग्न होऊन सहा महिने झाले होते. सासूने मोगरी हातात दिली. डोकं उरलंच नव्हतं, कुठे मारू ते कळेना. नंतर सदतीस घरांचे कपडे मीच धुतले, नदीच्या वरच्या अंगाला. पाणी संध्याकाळपर्यंत साफ होईना.

हत्यार घरात ठेवायचं ते तोंड बंद राहावं म्हणून. प्रत्येकाच्या भिंतीवर स्वतःचाच पुरावा.

मी विचारलं, आज का सांगताय? म्हणाल्या, सगळी एका जागी दिसली आणि पोटात मावेना. लिहा. पण मी मेल्यावर वाचा.

वर येऊन टेबलाखालची पट्टी काढली. पुसली. उशाखाली ठेवलीय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

माझ्याकडून चूक झाली.

तुला माझी पद्धत ठाऊक आहे. एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडून पडताळल्याशिवाय मी पक्क्या वहीत घेत नाही. या पद्धतीचा मला केवढा अभिमान! न्हाव्याकडे दाढीला बसलो. त्याचे वडील अकरावे. परटीणबाईंचं नाव घेतलं नाही. नुसतं विचारलं, मोजणीदाराचं ऐकलं ते खरं का? आणि त्या दिवशी सगळ्या घरांचे कपडे नदीच्या वरच्या अंगाला धुतले, हे खरं का?

वस्तरा गालावर थांबला. तो हळूच म्हणाला, कपडे कुठे धुतले ते आम्हाला कसं कळणार, काका? ते फक्त धुणाऱ्यालाच ठाऊक.

मग त्याने दाढी पुरी केली. हनुवटीखाली कापलं थोडं. माफी मागितली, तुरटी लावली. पैसे घेतले नाहीत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी परटीणबाईंकडे धावलो. दाराला बाहेरून कडी. सून म्हणाली, सासूबाई पाहुण्यांकडे गेल्यात. बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. आतून मोगरीसारखा आवाज येत होता, कुणीतरी जमिनीवर काहीतरी आपटत होतं. दार आपटत होतं. आतून.

चौकीत गेलो. जमादाराने खुर्ची दिली, पाणी दिलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पाचवा नंबर त्याच्या वडिलांचा, हे मीच माझ्या हाताने चिठ्ठीवर लिहिलंय.

पोस्टात गेलो, तुला तार करायला. पोस्टमास्तर हसून म्हणाले, या काका! बहिणीच्या कंबरेचं कसं आहे? आणि मांजरीचा पाय?

माझं कार्ड गेलेलंच नाही.

बसच्या दारात कंडक्टर आडवा उभा राहिला. पुस्तक पुरं झाल्याशिवाय कुठे निघालात, काका? हात धरून मला वाचनालयापर्यंत आणून सोडलं. किती प्रेमाने धरला होता हात.

खिडकीत हातोडा नाही. दाभण आहे, गोंद आहे. हातोडा —

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळ

काल दिवसभर दार बाहेरून बंद. आज उघडलं. खाली आलो, तर वाचनालयाचं दार बाहेरून बंद. भिंतीवर सदतीस खिळे रिकामे.

अडतिसाव्यावर माझा हातोडा. दांड्यावर पांढरा आकडा. बोट लावलं तर रंग ओला.

शुक्रवार, बारानंतर

खिडकीतून पाहिलं. डोळे मिटायला हवे होते. मिटले नाहीत. कुणीतरी बघायला हवं होतं ना —

रांग लावून उभे होते. बावीस घरांत मी चहा प्यालो ती माणसं. कुणी आरडाओरडा नाही. घण आधी गुडघ्यांवर. परटीणबाई एकदाच ओरडल्या. मग पटाशी. मग काठी. पोस्टमास्तरांनी मारण्याआधी चष्मा काढून खिशात ठेवला. न्हाव्याने वस्तरा गळ्याला लावला नाही, पाठीवरून ओढला. जपून. सगळेच जपून मारत होते. शेवटी सुनेच्या हातात मोगरी. ती रडत होती. रडत रडत उचलली —

मी ओरडत होतो. एकानेही वर पाहिलं नाही.

शुक्रवार, दोन वाजले

आम्ही दोघं वाचनालयात आहोत. बाहेरून कडी. त्यांना चटईवर आणून टाकलंय.

जिवंत आहेत.

वाचनालयाच्या बाई दारातून म्हणाल्या, मागच्या वेळी घाई झाली, अकराव्यालाच संपलं. या वेळी सगळ्यांनी हात आवरला, तुमच्यासाठी. एक घाव घाला, म्हणजे सुटतील बिचाऱ्या आणि तुम्ही आमचे व्हाल. तुमचं पुस्तक छापू. आम्हाला तुम्ही आवडता हो, काका. चार वाजता येते. नाही जमलं, तर चौक काय, धुऊन काढलाच आहे.

आवाज तसाच. रुसल्यासारखा.

शुक्रवार, तीनच्या पुढे

त्यांचं डोकं माझ्या मांडीवर आहे. कोट अंगावर घातला. पाणी ओठांना लावलं, बाहेर आलं. मी म्हटलं, माझ्यामुळे. त्यांनी बोट हलवलं. नाही म्हणायला की —

मग म्हणाल्या, लिहिलंत का? लिहिलं म्हटलं. वाचून दाखवा म्हणाल्या. सगळं वाचलं. नदीच्या पाण्याशी आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले. श्वास आहे अजून. घरघर.

हातोडा खिळ्यावर आहे. सारखा तिकडेच बघतोय मी. त्यांना किती दुखतंय. एका घावात थांबेल. असं मनात येतंय. हेच यावं म्हणून गावाने त्यांना जिवंत ठेवलंय.

धाकटे, उद्याची पेटी इथेच आहे. अजून खिळे मारलेले नाहीत. तुमचं प्रवासवर्णन सगळ्यात वर. दाभणाने पुठ्ठ्याचं अस्तर सोडवलंय. लहानपणी तुझ्या चिठ्ठ्या मी तिथेच लपवायचो, आईला कधी सापडल्या नाहीत. वहीची पानं तिथे जातील. सदतीस घरांची यादीही. मोजपट्टी मावत नाही — तिच्यावर त्याचं नाव कोरलंय, ते यादीखाली उतरवलंय. त्याच्या घरचं कुणी असेल तर शोध. या गावात पुस्तक उघडणारं कुणी नाही, याचा मला आज पहिल्यांदा आनंद होतोय.

मास्तरीणबाई परत आलेल्या प्रत्येक पुस्तकाचा पुठ्ठा चाचपून बघतात. जाड लागेल.

पावणेचार

हे शेवटचं पान. हे चिकटवलं की झालं.

माझं पत्र येईल, मी खुशाल आहे, इथेच राहतोय, पुस्तक छापलं — तर समज, मी हात उचलला. मग माझं तोंड बघू नकोस.

पत्र आलंच नाही तर नाही उचलला. तेव्हा रड हवं तर.

श्वास थांबत थांबत येतोय. माझ्याकडेच बघतायत. मागतायत का — की नको म्हणतायत — कळत नाही गं —

हातोडा काढून पेटीच्या मागे टाकला. हात पोचू नये म्हणून. माझाच.

जिन्यावर पावलं. पुष्कळ. गोंद ओला आहे अजून. धाकटे, पानं मिळाली की आधी मोठ्या गावच्या पोलीस कचेरीत जा, आणि मग उत्तर लिही, लवकर लिही, कंबरेचं, खोकल्याचं, सगळ्यांचं एकेक करून, इथल्याच पत्त्यावर, म्हणजे यांना कळेल की तुला — लवकर लिही, माझ्याकडून काही आलं नाही तरी लि