वरच्या मजल्यावरचा नवा राउटर

मोटाभाई,

दुकानातून आलात की आधी हे वाचा. सकाळपासून खालचं नेट बंद आहे. राउटर दोनदा बंद करून चालू केला, वायर बदलली, कंपनीच्या माणसाशी भांडलो. तुमच्याकडे चालतंय का, ते

वाक्य अर्धंच ठेवतो. वर जाऊन पाहिलं, कारण सापडलं.

वराछाहून आणलेला नवा राउटर तुम्ही आपल्या जुन्या वायरीलाच जोडलात. घरातल्या फोन-लॅपटॉपना नंबर वाटणारा राउटर एकच लागतो. इथे दोन्ही वाटत होते, आणि तुमच्या राउटरकडून नंबर मिळाला की बाहेरचा रस्ताच बंद. भाभी म्हणाल्या, "आमचंही कालपासून बंद आहे, हेमंगभाई. पण हे म्हणाले, खाली विचारायला जायचं नाही."

आज आमच्या ध्रुवीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. अर्ध्यातच तुटली. उरलेली द्यायला पोरगी समोर परेशभाईंकडे धावली. तिला आणायला चाललोय.

तुमच्या राउटरचं नंबर वाटणं तेवढं बंद केलंय, बाकी कशाला हात लावलेला नाही. आता दोन्ही मजल्यांवर चालतंय. स्वयंपाक वेगळा केलात तेव्हा धाकटा भाऊ म्हणून मी गप्प बसलो. नेटही वेगळं हवं असेल तर खुशाल नवी वायर ओढून घ्या. पण बंद पडलं तर एक हाक मारा. जिन्याला अजून दार बसवलेलं नाही.

हेमंग