लाल वॉटर स्कूटरची निरवानिरव

मी, माणिकप्पा शरणबसप्पा बिराजदार, वय त्रेसष्ट, धंदा मोटर रिवायंडिंग व थोडी शेती, राहणार अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था कशी लावावी हे पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आहे तो छातीत, आणि त्यासाठी येत्या गुरुवारी सोलापुरात माझे हृदयाचे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. त्यांना माझा स्वभाव माहीत नाही. घराला कुलूप लावून मी फाट्यापर्यंत जातो आणि कुलूप ओढून बघायला परत येतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर तेही रोज उघडून वाचत बसलो असतो.

कलम पहिले. राहते घर, अंगण आणि बँकेतील ठेवी पत्नी नागम्मा हिच्या मालकीच्या राहतील. तिच्या हयातीत घरात कोणी वाटणीचा विषय काढू नये. हे कलम वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "मला काय करायचंय घर? तुमी माघारी या म्हंजे झालं." तिचे म्हणणे मला मान्य आहे, पण वकीलसाहेबांच्या मते ते कलमात बसत नाही.

कलम दुसरे. शेत आणि हमरस्त्यावरील दुकान मुलगा मल्हार याला. दुकानातील वायंडिंगचे यंत्र त्याने विकू नये. ते जुने दिसते, पण त्यावर गुंडाळलेली मोटर जळून परत आली असे मला आठवत नाही.

कलम तिसरे, वॉटर स्कूटरबाबत. हे कलम लांब आहे, कारण याचा पहिला मसुदा वेगळा होता. तो का बदलला हे माझ्या शब्दांत राहावे, नाहीतर नातेवाईक म्हणतील की सुनेने म्हाताऱ्याला फितवले.

ही लाल रंगाची, तीन जणांची स्कूटर मल्हारने आणि मी कोकणातल्या एका माणसाकडून वापरलेली घेतली. सुट्ट्यांत गावाजवळच्या तलावावर लोकांना फेरी मारून आणायची, हा मल्हारचा बेत. तिच्या इंजिनाला सुपरचार्जर आहे. इंजिनात जोराने जादा हवा कोंबणारा हा पंखा असतो, त्यानेच ती पाण्यावर उडाल्यासारखी पळते. पंख्याच्या दांड्यावर दातेरी चाक असते आणि चाकाच्या दोन्ही अंगांना बांगडीसारख्या पातळ चकत्या. जुन्या बनावटीत त्या चिनीमातीसारख्या ठिसूळ असतात. झिजल्या की फुटतात आणि तुकडे ऑइलबरोबर इंजिनात जातात. म्हणून ठरावीक तास चालल्यावर सुपरचार्जर उघडून त्या बदलाव्याच लागतात. विकणारा म्हणाला होता, "चकत्या नवीन टाकल्यात, काका, डोळे झाकून चालवा." त्या माणसाला माझ्या मातीचा निरोप देऊ नये.

चार वर्षांपूर्वी, मल्हारच्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून पाणी चालले होते. मल्हारने बायको अर्पिता हिला मागे बसवून फेरी काढली. मी काठावर होतो. मधोमध गेल्यावर दगडावर डबा घासावा तसा आवाज झाला आणि इंजिन बंद पडले. वारा सांडव्याच्या दिशेने होता. स्कूटर आडवी होऊन हळूहळू तिकडे सरकू लागली. मल्हार सारखा बटण दाबत होता. अर्पिता ओरडत नव्हती, दोन्ही हातांनी त्याचे जॅकेट धरून बसली होती. मला पोहता येते, पण एवढे नाही. मी पाण्यात छातीइतका शिरलो आणि तिथेच उभा राहिलो. मासे धरणारे गुंडाप्पा थर्माकोलच्या तराफ्यावर जाळे ओढत होते. त्यांनी जाळे सोडून दिले, हाताने पाणी मारत गेले आणि दोरी फेकली. सांडव्याची भिंत मल्हारच्या पायाला लागेल इतकी जवळ आली होती.

घरी सुपरचार्जर उघडला तर चकतीचे तुकडे झालेले. इंजिन पूर्ण खोलून, धुऊन, तुकडान् तुकडा शोधून काढला आणि धातूच्या चकत्या घातल्या. तेव्हापासून दर दसऱ्याला मी सुपरचार्जर उघडतो. चकत्या, बेअरिंग, सील, सगळे. धातूच्या चकत्या फुटत नाहीत, पण झिजतात, आणि बेअरिंग तर कशानेही जाते. ठरलेल्या मुदतीपेक्षा हे फार लवकर आहे हे मला माहीत आहे. माझा चुलतभाऊ वैजनाथ याने एकदा माझ्या नकळत तिच्यात ट्रॅक्टरचे ऑइल ओतले, वर म्हणाला, "ऑइल ते ऑइल, त्याला काय जात असती का?" त्या ऑइलने सुपरचार्जरच्या आतला क्लच घसरायला लागला आणि स्कूटर बैलगाडीसारखी चालली. वैजनाथला मी माफ केले आहे. स्कूटरच्या टाकीजवळ मात्र त्याने येऊ नये.

यंदा दसऱ्याला सुपरचार्जर काढला आणि त्याच आठवड्यात छातीत कळ आली. डॉक्टरांनी हातांना जोर द्यायला मनाई केली. सुपरचार्जर दुकानातल्या टेबलावर सुटा पडलेला, तलाव भरलेला, आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी लोकांचे मल्हारला फोन सुरू. मला झोप लागेना. मी ऑपरेशनच्या टेबलावर असताना हा जुन्याच चकत्या घालून मोकळा होईल, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. म्हणून पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की, माझ्या मृत्यूनंतर स्कूटर तोडून भंगारात द्यावी. त्याखाली, तोपर्यंत घ्यायची काळजी म्हणून, दोन पाने सूचना होत्या.

वकीलसाहेबांनी घरी येऊन ते वाचून दाखवले. मल्हार म्हणाला, "आप्पा, तुमी मृत्युपत्र लिहायलाव का गॅरेजचं पुस्तक?" मी म्हणालो, "तुला पुस्तक वाचायचं नसतंय म्हणून लिहायलोय." तो उठून बाहेर गेला.

अर्पिता दारात उभी होती. सांडव्याच्या त्या दिवसापासून ती तलावाकडे फिरकलेली नव्हती. ती म्हणाली, "आप्पा, तोडू नका. मला शिकवा."

"तुला भ्या वाटतंय ना तिचं?"

"वाटतंय. म्हणूनच म्या नीट बघून करीन."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात खुर्चीवर बसलो, हात मांडीवर. ती टेबलापाशी. जोडताना वस्तूंचा क्रम चुकला तर सगळे चुकते. तिने प्रत्येक वस्तू काढली त्या क्रमाने पांढऱ्या फडक्यावर मांडली होती, हे मी न सांगता. नवीन चकत्या घालताना एकदा मी ओरडलो, "थांब!" ती थांबली. काही चुकले नव्हते. तिने मला पाणी दिले आणि पुढे काम केले. शेवटी त्या क्लचची घसरण तपासायची असते. जोर मोजणाऱ्या पान्याने दांडा फिरवायचा. ठरलेल्या जोरापर्यंत तो धरून राहिला पाहिजे, त्यापुढे घसरला पाहिजे. लवकर घसरला तर वाईट, अजिबात घसरला नाही तरी वाईट. तिने फिरवला. धरला. आणखी जोर लावला. घसरला. तिने पुन्हा तपासला, मी मागायच्या आधी.

काल सकाळी स्कूटर पाण्यात सोडली. मल्हार पुढे बसला. अर्पिता काठावर थोडा वेळ उभी राहिली, मग जॅकेटचे पट्टे आवळून त्याच्यामागे बसली. मी तिला नको म्हणणार होतो, त्याऐवजी तिचे पट्टे ओढून बघितले. ते मधोमध गेले. इंजिनाचा आवाज चढत चढत जिथे जायला पाहिजे तिथे गेला आणि एकसारखा राहिला. परत आल्यावर ती म्हणाली, "वेगाचा काटा पुरा वर गेला, आप्पा. कुठंच अडकला न्हाय."

सबब पहिला मसुदा रद्द समजावा. सदर वॉटर स्कूटर, तिची ट्रॉली, जोर मोजणारा पाना व सुपरचार्जरची सर्व हत्यारे सून अर्पिता मल्हार बिराजदार हिच्या एकटीच्या मालकीची राहतील. ती हो म्हणेल तेव्हाच स्कूटर पाण्यात उतरेल. तोडायची, विकायची की चालवायची, हे तिने ठरवावे. वकीलसाहेबांनी विचारले, मल्हारची हरकत नाही ना?  मल्हार म्हणाला, "बरं झालं, आप्पा. दर बारीला मधोमध गेलं की मला सांडव्याचं भ्या वाटतंय. त्या दिसापासनं. कुणाला सांगावं ते कळना."

चार वर्षे मला वाटत होते की हा ते विसरला आहे.

कलम चौथे. गुंडाप्पा यांनी कधी काही घेतले नाही. विचारले की म्हणतात, "दोरी टाकली, त्यात काय घ्यायचंय?" त्यांना नवीन लाइफ जॅकेट द्यावे. ते घालणार नाहीत हे मला ठाऊक आहे. अर्पिताने ते स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगात घालावे, तिला ते नाही म्हणत नाहीत. या लाभामुळेच त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलेले नाही, त्यांनी राग मानू नये.

कलम पाचवे. हे मालमत्तेबाबत नाही, तरी वकीलसाहेबांनी राहू दिले आहे. गुरुवारी मला आत नेईपर्यंत मल्हारने माझ्याजवळ बसावे. "काय होत न्हाय, आप्पा" असे म्हणू नये. भीती वाटली तर वाटते म्हणावे. मीही म्हणेन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, म्हणून खाली सही करतो.

माणिकप्पा शरणबसप्पा बिराजदार
(सही)

आम्हां दोघांच्या समक्ष माणिकप्पा यांनी ऐकून, समजून सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही केली. आम्हाला यातून काही मिळणार नाही.

१. धनाजी बाबुराव गुंड, निवृत्त शिक्षक, अणदूर (सही)
२. हरणाबाई बब्रुवान घोडके, शेती, अणदूर (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: अणदूर
दिनांक: १९ ऑक्टोबर २०२४