धोट्याचा मुका

बाबा,

तुमची शपथ खरी होती. हेच सांगायला बसलेय, म्हणून आधी सांगून टाकते. नाहीतर माझी सवय तुम्हाला माहीत आहे, मुद्द्यावर यायच्या आधी मी अख्खं गाव फिरून येते. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीला होते, आता माझी लेक शाळेत जाते. एवढ्या वर्षांत हे मला भिवंडीत कुणी सांगितलं नाही, अंजूरला कुणी सांगितलं नाही, आणि कळलं कुठं, तर विलायतेत, तिकीट काढून. परत येऊन आठवडा झाला तरी माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. आता अंजूरच्या घरी, पडवीत बसून लिहितेय. आई आत तांदूळ निवडतेय.

झालं असं की आमच्या ह्यांना कंपनीने कामासाठी इंग्लंडला पाठवलं होतं. काम संपताना सुट्टी जोडून मिळाली, तर म्हणाले, तूही ये, पुन्हा कोण जातंय. लेकीला आईकडे ठेवून मी गेले. ह्यांच्या हपिसातल्या कुणीतरी एक पुस्तिका दिली होती. इंग्लंडात सुट्टीला राहायची आणि बघायची, बक्षीस मिळालेली तेवढीच ठिकाणं तिच्यात. हे म्हणाले, "बक्षीसवाल्या ठिकाणीच जायचं. उगाच फसवणूक नको." म्हणून आम्ही एका म्हातारीच्या घरी उतरलो. दारावर पितळी पाटी, चौकटीत मढवलेला कागद, आणि हे सगळं कशाबद्दल, तर झोपायला पलंग आणि सकाळी अंडं-पाव याबद्दल. मला हसूच आवरेना. आपल्याकडे आत्याचं सगळं बिऱ्हाड महिना महिना राहायचं, चिंबोऱ्यांचं कालवण ओरपायचं, आणि जाताना मीठ जास्त होतं म्हणून नावं ठेवून जायचं. आईला कुणी पाटी दिली नाही.

म्हातारी मात्र लाघवी होती. तिसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता म्हणाली, इथून जवळच एक जुनी कापडगिरणी आहे, आता नुसती बघायला ठेवली आहे, तिलाही बक्षीस आहे, चुकवू नका. मी ह्यांच्याकडे बघितलं. भिवंडीच्या यंत्रमागवाल्याची लेक विलायतेत जाऊन लूम बघणार, म्हणजे कोळणीने सुट्टी काढून बाजारात मासळी बघायला जाण्यासारखं झालं. पण पुस्तिकेत त्या ठिकाणापुढे दोन चांदण्या होत्या, त्यामुळे हे अडून बसले आणि आम्ही गेलो.

आत पाय टाकला आणि आधी वास आला. तेल, रुई आणि खळ. तुमच्या शर्टाचा वास. बाबा, माझे पाय तिथंच थांबले. समोर ओळीने लूम उभे, अगदी तुमच्या शेडमधल्यासारखे, तीच काळी लोखंडी अंगं, तोच चामड्याचा पट्टा. फक्त जमीन अशी लख्ख की पान वाढावं. निळा डगला घातलेली एक बाई माहिती सांगत होती. तिने आधी सगळ्यांना कानांवर हात ठेवायला सांगितलं, मग एकच लूम चालू केला, मिनिटभर. पोरं किंचाळली, एक गृहस्थ बाहेर निघून गेले. मी कानांवर हात ठेवले नाहीत. शाळेला सुट्टी असली की तुमचा डबा घेऊन मी शेडमध्ये यायचे तेव्हा असे किती लूम एकदम धडधडत असायचे, आणि त्या गदारोळात तुम्ही लोक नुसत्या ओठांनी नि हातांनी बोलायचात. घरी आलात तरी तीच सवय. आवाज न काढता तुम्ही ओठ हलवायचात आणि आई बरोबर पाण्याचा तांब्या नाहीतर अडकित्ता पुढे करायची. मला तुमचे ओठ कधी वाचता आले नाहीत. मी म्हणायचे, बाबा, व्हॉल्यूम वाढवा.

लूम थांबवून त्या बाईने धोटा हातात घेतला. तुमच्या हातात असायचा तसाच, लाकडी, होडीसारखा, पोटात सुताची कांडी. म्हणाली, कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचं टोक या बारीक भोकातून बाहेर काढायचं. कसं काढत असतील? कुणालाच सांगता येईना. मला येत होतं. तिने धोटा ओठांजवळ नेला, पण लावला नाही, आणि म्हणाली की तोंडाने श्वास ओढून काढायचे, आणि याला आमच्याकडे धोट्याचा मुका घेणं म्हणायचे. इंग्रजीत म्हणाली, पण शब्द तोच. माझं इंग्रजी बेताचं आहे, तरी 'किस' कळायला कॉलेजात जावं लागत नाही.

बाबा, हा शब्द माझा होता ना? पाच-सहा वर्षांची असेन, डबा घेऊन आले आणि घरी जाऊन आईला सांगितलं, "बाबा माझा मुका घेत नाय, धोट्याचा घेतात." आई पदर तोंडाला लावून हसली होती. तुम्हालाही तिने सांगितलं, आणि मग कामाला निघताना तुम्ही माझ्या गालावर ओठ टेकवून म्हणायचात, "ह्यो तुझा, बाकीचे धोट्याचे." आपल्या घरातली ती गंमत सातासमुद्रापार एक परकी बाई तोंडावर आणत होती, आणि पुढे म्हणाली, या मुक्यामुळे रुईची धूळ थेट छातीत जायची. एकच धोटा चार जणांच्या तोंडाला लागायचा, त्यामुळे एकाचा क्षय दुसऱ्याला व्हायचा. पोरं तरुणपणीच खोकून मरायची. म्हणून आमच्याकडे ही पद्धत कधीच बंद झाली, आता नुसतं दाखवायला उरलंय. हे सगळं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहूनही ठेवलं होतं. खाली बक्षिसाची पाटी.

मी त्या लख्ख जमिनीवरच बसले. हे घाबरले, पाणी आणायला धावले. त्या बाईला वाटलं मला आवाजाचा त्रास झाला. मी तिला काय सांगणार होते, की जी तुमच्याकडे आजोबा-पणजोबांच्या काळातली गोष्ट आहे, ती माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या बापाने, मी आणलेला डबा खाऊन परत जाऊन केली म्हणून? मला राग आला, बाबा. इतका राग मला कुणाचा कधी आला नव्हता, आणि तो नक्की कुणाचा हे अजून ठरत नाही. ते लोक शहाणपण भिंतीवर मढवून ठेवतात आणि आपल्या शेडपर्यंत ते कुणी आणत नाही. त्यांच्याकडचे लूम मात्र आपल्यापर्यंत बरोबर पोचले.

आणि मग ती संध्याकाळ आठवली. तुम्ही पहिल्या शिफ्टवरून आलात, पायरीवर बसून खोकत होतात. आई चुलीपुढे, मी तिच्या बाजूला भाकरीच्या पिठाशी खेळतेय. ती तुमचा काढून ठेवलेला शर्ट हुंगून म्हणते, "बिडीचा वास येतंय."

"बाजूच्या लूमवरचा वढतंय. मी न्हाय."

"रोज बाजूचा?"

"रोज बाजूचा."

"मंग घ्या शप्पत. पोरीच्या डोक्याव हात ठेवून घ्या."

तुम्ही आलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात. जड हात, बोटांना रुई चिकटलेली. "मी बिडी वढत न्हाय. वढत आसन तं..." आणि पुढे बोललाच नाहीत. पुढचं, माझ्या वाइटाचं, तुमच्याने बोलवेना, हे मला आता कळतं. आईला तेव्हा तो अर्धवटपणा खटकला.

मग काही वर्षांनी दवाखाना. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून विचारलं, बिडी किती वर्षं? तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत, ते हसले, रोज ऐकून सवय झालेला माणूस हसतो तसे. शेवटी तुमचा आवाज गेला, शेडमधल्यासारखे नुसते ओठ उरले. एका दुपारी तुम्ही आईला काहीतरी विचारलंत. मला वाचता आलं नाही. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला, मान डोलावली, ओठांनीच काहीतरी उत्तर दिलं. मला वाटलं, मला थोपटतेय. मी खिडकीबाहेर रिक्षावाल्याचं भांडण बघत होते.

तुम्ही गेल्यानंतर दर अमावास्येला आई माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकते. परीक्षेत, तापात, बाळंतपणात, विमानात बसायच्या आधी. लग्न झालं तरी अमावास्येला मी अंजूरला यायचंच, नाहीतर ती ठाण्याला आमच्या दारात उभी. कारण कधी बोलली नाही, पण मला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही माझ्या डोक्यावर खोटी शपथ घेतलीत, ती मला बाधू नये म्हणून. खोटी शपथ ज्याच्या डोक्यावर, त्याला भोवते. मी शिकलेली, शाळेत शिकवते, हसायचे. तरी प्रत्येक वेळी डोकं पुढे करायचे.

म्हणून त्या गिरणीच्या दुकानातून मी एक धोटा विकत घेतला. भिवंडीत भंगारात पडलेला असतो, तो मी विलायतेहून आणला. हे म्हणाले, "लोक तिथून अत्तर आणतात." काल तो आईपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. मुका, धूळ, क्षय, भिंतीवरची अक्षरं. "आई, बाबांची शपथ खरी होती. आता मिरच्या बंद कर."

आईने धोटा उचलला. भोकावरून अंगठा फिरवला, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, सुटली बिचारी.

"त्यांच्या शपथेचं मला भ्याव न्हवतं गो," ती म्हणाली. "मिरच्या माझ्या शपथेच्या हायत."

"तुझ्या कसल्या शपथेच्या?" मी विचारलं.

"दवाखान्यात इचारलं त्यांनी, सगली मला खोटा ठरवतात, तुझा तरी माझ्याव इस्वास हाय ना? मी तुझ्या डोक्याव हात ठेवला नि बोलले, हाय." तिने धोटा खाली ठेवला. "न्हवता."

बाबा, इतकी वर्षं मी तुमच्या शपथेपायी डोकं पुढे करत होते, आणि ती स्वतःच्या शपथेपायी उतरवत होती. तुमची शपथ खरी आहे हे सांगून मी तिला सोडवायला गेले आणि उलट आणखी अडकवून ठेवलं. आता तिला कळलं, की विश्वास ठेवायला हवा होता. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "त्यांना समाजलं आसंल काय? माझ्या तोंडाव दिसलं आसंल?"

तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पांढऱ्या, तेल लावलेल्या केसांवर. म्हणाले, "आईशप्पथ, मी बघत होते. त्यांना पटलं होतं. हसले होते ते."

ती हो म्हणाली आणि तांदूळ निवडायला गेली. हे कागद मी कुठल्या पेटीत टाकणार? तुमच्यापर्यंत जायचं ते गेलं असेल, नाहीतर नाही. फक्त तुम्हाला म्हणून सांगते, मी तुमच्या तोंडाकडे बघत नव्हते, मी रिक्षावाल्याकडे बघत होते. उद्या अमावास्या आहे. मीठ-मिरच्या काढून ठेवल्यात. या वेळी आईवरून मी उतरवणार आहे.