टोपणं एकीकडे, नळ्या एकीकडे

४ ऑक्टोबर १९५८, शनिवार

नवीन वही. संकल्प: खरं तेच लिहायचं. घाबरायचं नाही.

अण्णांना मोठी ऑर्डर! कारखान्याचे नरसिंहराव स्वतः चामराजपेटेत आमच्या घरी आले. दसऱ्याच्या आयुधपूजेला कामगारांना वाटायला दोनशे पेनं हवीत. काळं एबोनाइट म्हणजे कडक रबर, टोपणावर कारखान्याचं नाव. वीस तारखेला द्यायची. अण्णा एकटे, लेथ एक. अण्णा हो म्हणाले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

मी म्हटलं, पॉलिश माझ्याकडे. काम नीट झालं तर मला लेथवर बसू द्यायचं. अण्णा म्हणाले, बघू.

अण्णांचं बघू म्हणजे हो.

११ ऑक्टोबर

अण्णा पेन कातून झालं की त्याचं टोपण त्याच्यावरच फिरवून ठेवतात. मला एकच सूचना, जोडी सोडायची नाही. जुन्या माणसांच्या समजुती असतात. वाद घातला नाही.

नरसिंहराव सांगत होते, त्यांच्या कारखान्यात एक माणूस एकच काम करतो. म्हणून भराभर होतं. यावर विचार करते आहे.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ

विचार अमलात! भजनी मंडळाच्या सगळ्या बायका मदतीला आल्या. टोपणं काढून शेजारी गंगव्वाअक्कांच्या पडवीत, नळ्या आमच्याकडे. इकडे एक टोळी, तिकडे एक. भजनं म्हणत, चिंध्यांनी घासत, पाच वाजायच्या आत सगळं लखलखीत.

समोरच्या विठाबाईंनी विचारलं, कुठलं टोपण कुठल्या नळीचं, ते आहे ना गं लक्षात? म्हटलं, टोपणं सगळी सारखीच. विठाबाईंनी निम्म्या पेटेची लग्नं जुळवली आहेत, त्यांना सगळीकडे स्थळंच दिसतात.

१५ ऑक्टोबर, सकाळ

तीन टोपणं लावून पाहिली. एक सैल. एक अर्ध्यात अडकलं. एक चढेचना. हवा दमट आहे.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ

हवा नव्हे. अण्णा प्रत्येक टोपणाचे आटे त्याच्याच नळीला बेतून हाताने पाडतात. एकाचं दुसऱ्याला बसेलच असं नाही.

अण्णांना ताबडतोब सांगायचं ठरवलं. ते जेवत होते. जेवत्या माणसाला वाईट बातमी देऊ नये. जेवण झाल्यावर हसत होते. हसत्या माणसाला तर मुळीच देऊ नये. मला आजोबांनी घरीच शिकवलं. शाळेत थेट सातवीला गेले, त्यामुळे खोटं बोलायचा सराव राहून गेला. पण गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे.

उद्या नक्की.

१६ ऑक्टोबर

फक्त गंगव्वाअक्कांना सांगितलं, देवाची शपथ घालून. अक्का आपल्या कानडी-मराठीत म्हणाल्या, सरी, सरी, स्वल्पसुद्धा भिऊ नको, माझ्या तोंडातनं शब्द जायचा नाही. मी चहा ठेवला. तो उकळायच्या आत अख्खं भजनी मंडळ दारात.

विठाबाईंनी पदर खोचला. नवरात्रात इथे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्यांतले राजा-राणी खाली उतरवले, नळ्या वर चढवल्या. म्हणाल्या, हा वरपक्ष. टोपणं ताटांत, तो वधूपक्ष. मग जे सुरू झालं! अगं, ही नकटी त्याला द्या. हा बघा मेला, नुसता फिरतोय, टेकायचं नाव नाही. हिला मंगळ आहे, बाजूला ठेवा. एक जोडी बसली की सगळ्या टाळ्या पिटत. कुणीतरी अक्षता टाकल्या. एक दाणा नळीत गेला, तो काढायला सुई लागली. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीचंही असेल थोडं.

मधेच अण्णा आले. पायऱ्या पाहिल्या, ताटं पाहिली. विचारलं, चहा उरलाय का? घेऊन गेले. त्यांच्या काही लक्षात आलं नाही. कारागीर असेच आपल्या तंद्रीत असतात.

आता सगळं जुळल्यावरच सांगेन. तेव्हा बातमी चांगली असेल.

१९ ऑक्टोबर

दोनशे जुळली! शेवटच्या जोड्यांना विठाबाईंनी मेण लावून मनवलं.

देखरेख संपूर्ण माझी. कौतुकाची अपेक्षा नाही.

२० ऑक्टोबर

नरसिंहरावांनी चार-पाच पेनं उघडून पाहिली, लावून पाहिली. मी दाराआड. खूश! संक्रांतीला आणखी तीनशे हवीत म्हणाले. पेनं गेली.

घरात एकच उरलं. अण्णा दर ऑर्डरला देवाचं म्हणून एक जास्त करतात. त्याचं टोपण अर्ध्यात अडकतं. म्हणजे त्याचं खरं टोपण कारखान्यात गेलं, दुसऱ्याच नळीवर. नरसिंहरावांना पत्र लिहावं का? विठाबाई म्हणाल्या, बसलं ना? मग कुठल्यातरी फिटरच्या खिशात सुखाने संसार चाललाय. तू कशाला मोडतेस?

२२ ऑक्टोबर, दसरा

लेथला झेंडूची माळ. पूजा झाल्यावर सगळ्यांदेखत अण्णांना खरं सांगायला सुरुवात केली. प्रस्तावना लांबली.

अण्णा म्हणाले, अगं, मला सोळालाच कळलं. आधी अक्कांनी सांगितलं, मग विठाबाईंनी. दूधवाला देवाप्पा तर रोज दारात विचारायचा, किती जुळली, राव?

मंडळाच्या सगळ्या पोट धरून हसल्या. मी रडले. मग मीही हसले.

अण्णा म्हणाले, संक्रांतीचं काम माझ्या एकट्याने होणार नाही. लेथवर आणखी कुणीतरी हवं. मी उठून उभी राहिले, पदर सारखा केला.

विठाबाई, बसा, अण्णा म्हणाले. जोडी तुम्हाला कळते.

विठाबाई बसल्या. वयाच्या साठीला! शिवाय चप्पल घालून!

मला लेथखालचा भुसा झाडायचं काम मिळालं. एका परीने बरंच आहे. झाडणाऱ्याला सगळीकडे फिरता येतं, म्हणजे देखरेख माझ्याकडेच राहिली.

देवाचं पेनही मला दिलं. अण्णा म्हणाले, देवाला नको असं. त्यानेच हे लिहिते आहे. टोपण लागत नाही, त्यामुळे शाई सारखी वाळ

पुढचं पेन्सिलीने. पेन्सिलीला टोपण नसतं. हे एक बरं आहे.