रेकॉर्डवरची पावली

सुई तिसऱ्यांदा घसरली तेव्हा मी दांडा उचलून बाजूला ठेवला, बाबा, आणि आई म्हणाली, "पावली ठेव गं वर. पावलीबिगर नाय चालायची ती." मी तिच्यावर ओरडले. ओरडायचं होतं तुमच्यावर. तुम्ही नाही, म्हणून हे लिहिते आहे.

रेकॉर्ड आईची होती. मामाने आणली होती, तिच्यासाठी. जात्यावरच्या ओव्या, आणि म्हणणारी बाई आईच्या माहेरची. घरात तुमचा प्लेयर होता, कर्णे होते, रेकॉर्डींची पेटी होती, कारण दहिवलीपासून खालापुरापर्यंत लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकर तुमचाच असे. मामा परत गेला त्याच आठवड्यात ती रेकॉर्ड पेटीत गेली. हळदीला चांगली वाजते, म्हणालात. मांडवात ताशे वाजले, पोरं नाचली, की टेबल हलायचं आणि सुई उडायची. त्यावर तुमचा उपाय ठरलेला होता: सुईच्या डोक्यावर चिकटपट्टीने एक पावली, चार आण्यांची. सगळेच लाउडस्पीकरवाले तसं करत, हे मला ठाऊक आहे. पण ते आपल्या बायकोच्या रेकॉर्डवर करत नव्हते. पावलीच्या भाराने सुई उडत नाही, खणत जाते. प्रत्येक हळदीला ती थोडी थोडी खणत गेली.

एक दुपार आठवते. आई चुलीपुढे तांदळाची भाकरी थापते आहे. तुम्ही ओट्यावर बसून वायरी गुंडाळताय, संध्याकाळी दहिवलीला हळद आहे. आई मान वर न करता म्हणते, "एकदा घरात लावा की वो. पुरती ऐकली नाय मी अजून."

"लावली का झिजते ती. फुकटची कशाला झिजवायची?"

"माझीच हाय ना?"

"तुझीच हाय गं. कोण नाय म्हणतंय? आज दहिवलीला लावतोच हाय, कर्णा आपल्या भिसेगावकडं फिरवतो. परसदारी उभी रहा, फुकटात ऐक." आणि हसलात. कर्णा खरंच फिरवलात. त्याचं पुढे गावभर कौतुक सांगत होतात, बायकोसाठी कर्णा फिरवला म्हणून. आई हात पुसत परसदारी उभी राहिली. वारा फिरला की ओवी अर्ध्यात तुटायची. ती थांबायची, पुन्हा वारा येईपर्यंत. पुढे किती लग्नं झाली. तिने ती रेकॉर्ड तशीच ऐकली, शेतापलीकडून, दुसऱ्यांच्या हळदीला. मला तुमच्या झिजवण्यापेक्षा त्या हसण्याचा राग येतो.

कुंभिवलीच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हाच ठरवलं होतं की घरात चांगला टर्नटेबल आणायचा. तुमच्यासारखा नको, एवढंच नक्की होतं. मुंबईच्या दुकानात दोन पुढे ठेवले. एक जड दांड्याचा, आपोआप रेकॉर्ड बदलणारा, तबकडीला आतून रबरी चाक लावलेला. तुमचाच, नवीन रंगात. दुसऱ्याची तबकडी पट्ट्यावर फिरते, घरघर करत नाही, आणि दांड्याच्या मागे एक वजन आहे. ते फिरवत गेलं की दांडा हवेत तरंगतो, मग हवा तेवढाच भार सुईवर सोडायचा. दुकानदार म्हणाला, "बाई, ह्याच्यावर लग्न नाही निघणार. कोणी पाय आपटला तरी उडेल." मी म्हटलं, "आमच्या घरात कोणी पाय आपटत नाही." तो म्हणाला, "मग भाग्यवान आहात." हिऱ्याची सुई, सगळ्यांत हलकी, मी निवडून घेतली. आईची रेकॉर्ड बरोबर नेली नव्हती. परक्या माणसाच्या हातात ती पुन्हा द्यायची नव्हती.

आज दुपारी आईला समोर खुर्चीवर बसवलं. तिने पदर सारखा केला, जणू कोणी भेटायला येणार होतं. पहिली ओवी आली, खरखरत, पण आली. दुसऱ्या ओवीला सुई घसरून थेट शेवटाला गेली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिथे आता रेघ उरलेलीच नाही, सपाट झालंय. एवढ्या हलक्या सुईला धरायला काही नाही. भार वाढवावा लागेल, या दांड्याचं वजन देतं त्याहून जास्त. म्हणजे तुमची पावली. प्लेयर विकला तेव्हा आईने ती खरवडून काढली होती. देव्हाऱ्यात असते, तुमच्या फोटोपाशी. रोज तिला हळदकुंकू लागतं.

मी ती ठेवली नाही. आईला सांगितलं, नवीन सुई मोडेल. ती म्हणाली, "मोडंल तर मोडंल." तरीही ठेवली नाही. एवढंच सांगायचं होतं तुम्हाला: तिची रेकॉर्ड आता फक्त तुमच्याच पद्धतीने वाजू शकते, आणि ती तशी वाजण्यापेक्षा मला ती बंद राहिलेली चालेल.

काल इथवरच लिहून झोपले होते. सकाळी उठले तेव्हा ओव्या चालू होत्या. दांड्यावर पावली होती, कुंकवासकट, चिकटपट्टीने बसवलेली. दुसरी ओवी गेली, तिसरी लागली. पुढची खुर्ची रिकामी होती. आई परसदारी हात पुसत उभी होती.