अनुयाचा उपास सुटल्यावर

अहो,

"आई, ऑपरेशन होईपर्यंत निलयच्या आईला काही सांगू नकोस," असं यतीन दुपारी भुजच्या दवाखान्यातून तीनदा म्हणाला. समुद्र चार किलोमीटरवर राहिला असताना दोघांची मोटरसायकल वाळूवर घसरली. निलयच्या मांडीचं हाड मोडलंय, उद्या ऑपरेशन आहे. आपल्या यतीनला नुसतं खरचटलंय. तुम्हाला दोनदा फोन केला, लागला नाही.

गुरुवारी दोघं निघाले तेव्हा गाडीपुढे नारळ वाढवताना निलयच्या आईने, अनुयाने माझा हात धरला होता. "काही झालंच तर मला तुमच्याकडून कळू दे ताई, दुसऱ्या कुणाकडून नको," म्हणाली. मी हो म्हटलंय. दुपारभर जपाला बसले, पण माळ पुढे सरकेना. फार थकल्यासारखं झालंय.

तिचा शनिवारचा उपास सातला सुटतो, माझाही. दोघींपुरता वरणभात डब्यात घेतलाय. चार घास तिच्या पोटात गेले की सांगेन. गाडी यतीन चालवत होता, हे तिने विचारलं नाही तरी सांगेन. तो चिडेल. तुम्हीही म्हणाल, एक दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं.

पिठलं गरम करून घ्या, भाकरी फडक्यात आहेत. देवापुढचा दिवा लावून ठेवलाय, तेल तेवढं बघा. यतीनचा फोन आला तर रागावू नका, जेवलास का एवढंच विचारा.

कोपऱ्यावर ई-रिक्षा मिळेल. अनुयाकडे, जवाहर नगरला जाते आहे.

— कीर्ती