मामांचा स्लॅब

१४ ऑगस्ट, गुरुवार
वादळाला दहा दिवस झाले. गच्चीवरची टाकी लोखंडी स्टँडसकट आडवी झाली आणि पडता पडता स्टँडचा पाय स्लॅबमध्ये रुतवून गेली. मागच्या खोलीच्या छताला तडा. पाऊस थांबला तरी टिपकणं चालूच. आज कपाट सरकवलं तर मागची भिंत कमरेपर्यंत हिरवीकाळी. बुरशी. माझ्या घरात!

विमा कंपनीला (यापुढे वि.कं., हात दुखतो) दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. घरकर्जासोबत गळ्यात पडलेली पॉलिसी, म्हटलं आता तरी कामाला येऊ दे. टाकीचे, गच्चीचे फोटो पाठवले. तक्रार नंबर आला. बारा वर्षं ई-सेवा केंद्र चालवते मी. अर्ध्या तालुक्याचे पीकविम्याचे अर्ज माझ्या हातून जातात. माझ्या हातचा अर्ज माघारी आला असं कुणी सांगून दाखवावं.

भिंतीचा फोटो नाही काढला. घरातली घाण काय जगाला दाखवायची?

१७ ऑगस्ट, रविवार
मामांचा खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले, बुरशी छातीत जाते, त्या खोलीत झोपू देऊ नका. मामा ऐकतात थोडेच. "माझ्या हातानं टाकलेल्या स्लॅबाखाली झोपायला आता डागदरची परवानगी लागती का?" शेवटी खाट मीच ओढत पुढे आणली.

खरं आहे पण त्यांचं. हे घर मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः बांधलं. जन्मभर गवंडीकाम, आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांच्या हातची. हा स्लॅब चौदा वर्षांपूर्वीचा आणि शेवटचा. मग गुडघे गेले. अजून परतूरच्या बाजारात मला "मिस्तरीची सून" म्हणून ओळखतात. केंद्राच्या पाटीवर माझं नाव एवढं मोठं आहे, तरी. मला ते आवडतं, आत्ता लिहून टाकते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
सर्व्हेअरचा पत्ता नाही. तिसरा फोन. "येऊन राह्यलो ताई, जालन्याहून निघायलोच." हेच मंगळवारी पण.

३१ ला महालक्ष्म्या. त्या बसतात मागच्याच खोलीत, त्याच भिंतीला पाठ करून. घर बांधलं तेव्हापासून जागा बदललेली नाही. आता काय करायचं

२५ ऑगस्ट, सोमवार
केंद्र बंद ठेवलं. तारेच्या ब्रशने भिंत खरवडली, तोंडाला ओढणी बांधून. ब्लीचिंग पावडर. सुकल्यावर लांबी भरली, वरून रंगाचे दोन हात. ह्यांनी शाळेला रजा टाकून (आष्टीला क्लार्क, रजा टाकायला कारणच पाहिजे) गच्चीवर तड्यात डांबर ओतलं.

हे गच्चीवरून विचारतात, "सर्व्हेअर येईपर्यंत थांबायचं का?"
मी म्हटलं, "महालक्ष्म्या सर्व्हेअरची वाट बघत दारात उभ्या राहतील का?"
डांबराचा डबा उचलून कामाला लागले. खांदे निघून आलेत माझे. पण भिंत बघून जीव निवला.

१ सप्टेंबर, सोमवार
जेवण झालं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं वेळेत. शेजारणी, भावकी, पिंपळगाव रेणुकाईहून सरला वन्सं. वन्सं उंबऱ्यातच थबकल्या. "वैनी, भिंत कशी लख्ख करून ठिवली! आमच्याकडं तर ओल चढून राह्यली."
 मी नुसती हसले. देवी शप्पथ, असलं सुख पैशाने मिळत नाही. मामांनीही छताकडे एकदा बघितलं आणि मिशीवर हात फिरवला.

४ सप्टेंबर, गुरुवार
आला सर्व्हेअर. आज! पंचविशीचा असेल. मागच्या खोलीत उभा राहून चारी बाजूंना बघतो आणि म्हणतो, "ताई, नुकसान कुठंय?"

 भिंत दुधासारखी पांढरी. कपाट जागेवर. वर छतालाही रंगाचा हात. मी "इथे होती, इथे" म्हणत बोटाने कोरी भिंत दाखवतेय. फोटो? गच्चीचे आहेत. आतले नाहीत. जो अर्ज मी कुणाचाही काउंटरवरून हाकलला असता तो मी स्वतः भरलेला.

वर गेला तर तड्यावर डांबर. मग विचारलं, बांधकाम कुणी केलं? मामा लगेच काठी टेकत पुढे. "म्या! आख्खं म्या. इंजिनेर-बिंजिनेर कोणी न्हाई." छाती फुगवून सांगितलं. त्याने ते बराबर लिहून घेतलं. मला तेव्हाच वाटलं, हे महागात पडणार.

६ सप्टेंबर, शनिवार
केंद्रावर एक बाई आली. पाणी साचून मूग गेला, पंचनाम्याआधीच उपटून रान साफ करून बसली. अशांवर मी रोज ओरडते. "आधी फोटो काढायचा, मग हात लावायचा, किती वेळा सांगू?" आज खुर्ची पुढे केली. तिला चहा पाजला. बिचारी घाबरूनच गेली, बाई आज ओरडत का नाही म्हणून.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
वि.कं.चं पत्र. टाकी मंजूर. छत, भिंत, रंग, सगळं नामंजूर. कारण: "बांधकामातील सदोष कारागिरीमुळे हळूहळू झालेली गळती." सोबत संमतीपत्र. सही केली की टाकीचे मिळतील आणि बाकी दावा कायमचा सोडला असं होईल. म्हणजे ते कारणही आम्ही मान्य केलं असंच.

सदोष कारागिरी. चार वेळा वाचलं. नकार पचवला असता, चूक माझी, भिंत मी पुसली. पण मला मूर्ख म्हणा ना! मामांच्या हाताला कशाला नाव ठेवता?

पत्र साड्यांच्या कपाटात ठेवलं. मामांना कळता कामा नये.

२१ सप्टेंबर, रविवार
रंगाच्या आतून बुरशी परत आली. आधी ठिपके, आता तळहाताएवढे डाग, छताला तड्याच्या बरोबर खाली. पहिल्यांदा तिला बघून बरं वाटलं, हसू नका कुणी. या वेळी सगळे फोटो काढले. टेप लावून, आजचा पेपर शेजारी धरून, खिडकीच्या उजेडात. पुसायला हात शिवशिवत होते. नाही पुसली.

हे म्हणतात, सही कर आणि मोकळी हो, स्टँपचा, चकरांचा खर्चा कोण करणार. मी म्हटलं, तुमच्या वडिलांना तुम्हीच वाचून दाखवा ते पत्र, मग करते सही. उठून गच्चीवर गेले.

२४ सप्टेंबर, बुधवार
मामांना कळलं. ह्यांच्याच तोंडून निघालं, जेवताना. मामा म्हणाले, "आण ते पत्र. वाच." वाचलं. सदोष कारागिरीचं वाक्य घाईने उरकलं. मामांनी घास ठेवला नाही, चावत राहिले. मग म्हणाले,

"जोड हाय त्यात."

काय?

"स्लॅब टाकायच्या दिवशी दुपारी मिक्सर बंद पडला. स्लॅब येका दमात व्हाया पाह्यजे. दोन घंटे काम थांबलं. मंग जिथं थांबलो तिथून पुढं धरलं. जुन्यावर सिमेटाचं पाणी मारून, बराबर खरडून. पर जोड तो जोडच. मागच्या खोलीवरून जातो, या भिताडापासून त्या भिताडापर्यंत."

चौदा वर्षं कुणाला बोलले नाहीत. आम्ही टाकीचा स्टँड नेमका त्याच पट्ट्यात ठेवला होता.

मला रडू आलं. भांडण मी कोणाच्या जोरावर करत होते? मामा माझ्याकडे बघून, "रडती कामून? चौदा साल थेंब न्हाई आला. टाकी पडली तव्हा आला. तेबी खरं, हेबी खरं."

२६ सप्टेंबर, शुक्रवार
वि.कं.च्या तक्रार विभागाला अर्ज. संमतीपत्र सही न करता परत. मी लिहिलं, मामांनी सांगितलं. मी जोडाचं वाक्य गाळलं होतं, मुद्दाम. वाचून दाखवताना त्यांच्या लक्षात आलं.
"जोडाचं कुठंय?"
"मामा, ते लिहिलं तर त्यांना आयतंच सापडेल."
"सापडू दे. म्या बांधलं म्हणून छाती ठोकून सांगितलं ना त्याला? मंग आता अर्धंच कसं सांगू? लिही."

हे म्हणाले, आपल्याच पायावर धोंडा. बरोबर आहे ह्यांचं. बारा वर्षांत असला अर्ज लिहिला नाही, स्वतःच्या विरोधातला पुरावा स्वतःच जोडायचा. मी भिंत का रंगवली तेही लिहिलं, महालक्ष्म्यांसकट. सर्वात खाली मामांची सही, वाकडी पण पूर्ण नावाची. त्या सहीकडे बघून मला जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या पोराच्या बारावीच्या मार्कांनी पण वाटला नव्हता. पोराला सांगायचं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
दुसरा सर्व्हेअर आला, दुपारी चारला. वयस्कर, पिकलेल्या केसांचा. अर्ज हातात, पेन्सिलीने खुणा केलेला. "हे जोडाचं तुम्ही आपण होऊन लिहिलंय?" मी म्हटलं, हो. त्याने चष्मा काढून पुसला.

मामा म्हणाले, साहेब, वर चला. गुडघे धरत जिना चढले, मी मागे दोन्ही हात लावून. काल सकाळपासून मामांनी ह्यांना माती कालवायला लावली होती आणि गच्चीवर जोडाच्या अख्ख्या लांबीवर आळी घातली होती. नवा स्लॅब भिजवायला मातीचे बांध घालून पाणी भरतात ना, तशी. तडा गेला तेवढाच तुकडा बाहेर ठेवला. बाकी जोड आळ्याच्या आत.

"तडा सोडून जोडावर पाणी भरतो," मामा म्हणाले. "जोड खराब असंल तर खाली टिपकंल. मंग कारागिरी माझी खोटी, पोरगी सही करून दील. न्हाई टिपकलं तर गळती टाकीची. मंग तुमी काय लिहायचं ते लिहा."

सर्व्हेअरने वाकून मातीचा बांध चाचपला. म्हणाला, "मिस्तरी, असं माझ्यासमोर आजवर कोणी केलं न्हाई. कंपनी काय ठरवील ते मी सांगू शकत न्हाई. पण भरा. उद्या आष्टीला काम हाय, जाताना सकाळी येतो."

ह्यांनी बादल्या ओतल्या. पाणी आळ्यात बोटभर चढलं, मग वीतभर. सर्व्हेअरने फोटो काढले. मी पण काढले, वेळ लिहून.

आता सात वाजलेत. खालून छत कोरडं आहे, पण स्लॅबातून पाणी उतरायला वेळ लागतो, हे मामांनीच सांगितलं. हे दर पाच मिनिटांनी बॅटरी मारून येतात. मामा तोंडाला रुमाल बांधून बरोबर जोडाखाली खुर्ची टाकून बसलेत. मी म्हटलं, मामा, मी बघते, तुम्ही पुढच्या खोलीत चला, इथली हवा चांगली नाही.

"बस की तू बी," म्हणाले. "पडला तर पहिला थेंब माझ्या तोंडावर पडू दे."

मी दुसरी खुर्ची आणली.